कोठाराचं छप्पर

होमकमिंगच्या, म्हणजे कॉलेजचे जुने विद्यार्थी सामन्याला परत येतात त्या शनिवारी रेकर कुटुंबात भांडण झालं नाही, असं एकही वर्ष जोलीनला आठवत नव्हतं. एरवी ते पोर्क चॉप्स कुणी करपवले, घडीच्या खुर्च्या कुणी घरी विसरल्या असल्या फुटकळ कारणांवरून व्हायचं आणि सामना सुरू व्हायच्या आत मिटायचं. यंदाचं भांडण आईच्या नावावरून होणार होतं. ते मिटवायला आई नव्हती, ही खरी पंचाईत.

स्टेडियमसमोरच्या पार्किंगमध्ये कर्टनं, तिच्या थोरल्या भावानं, सकाळपासूनच ठाण मांडलं होतं. ट्रकचं मागचं फळकुट पाडून त्यावर शेरीनं तळलेलं चिकन, मोहरी घालून भरलेली अंडी आणि पर्सिमन फळाचं पुडिंग मांडलं होतं. शेरी कर्टची बायको. लग्नाला बावीस वर्षं झाली, म्हणजे तितकीच वर्षं ती ही अंडी भरत आली होती. कर्ट गावाला ट्रक विकायचा आणि उरलेल्या वेळात ल्युडलो कॉलेजच्या फुटबॉलप्रेमी मंडळाचं अध्यक्षपद मिरवायचा. आज तर त्यानं जांभळी टाय बांधली होती. पार्किंगमध्ये टाय बांधणारा तो एकटाच.

"या, कोचबाई!" त्यानं लांबूनच हाक दिली. "कोठार गळतंय का अजून?"

"आभाळ बघ," जोलीन म्हणाली. "दुपारपर्यंत तुझं तूच बघशील."

कोठार म्हणजे पार्किंगच्या पलीकडचं जुनं बास्केटबॉलचं जिम. कागदोपत्री त्याला कुण्या जुन्या प्राचार्यांचं नाव होतं, पण ते प्राचार्यांच्या नातवंडांनासुद्धा ठाऊक नसावं. जोलीन तिथे नऊ वर्षं मुलींचा संघ घडवत होती. पाऊस आला की तिच्या मुली आधी बादल्या मांडायच्या आणि मग सराव करायच्या. गेल्या जानेवारीत एक सामना गळक्या छपरामुळे थांबवावा लागला. पाहुण्यांची कोच हसून म्हणाली होती, की बंदिस्त जागेत पावसामुळे खेळ थांबलेला ती आयुष्यात पहिल्यांदाच बघते आहे. आणि आत्ता या घटकेला जोलीनच्या मुली स्टेडियमच्या फाटकाशी पॉपकॉर्न विकत होत्या. फुटबॉलचा संघ विमानानं जायचा. तिच्या मुलींच्या बसचं भाडं पॉपकॉर्नमधून निघायचं.

वसंतात बाबांनी चुनखडीची खाण शिकागोच्या कंपनीला विकली आणि त्यातला मोठा वाटा कॉलेजला द्यायचं ठरवलं, आर्डिसच्या, म्हणजे आईच्या नावानं. त्या दिवसापासून जोलीनला वाटत होतं, की आता कोठारावर छप्पर चढणार. पण कॉलेजचे क्रीडासंचालक फिस्टर साहेब भलतेच चपळ. त्यांनी कर्टला हाताशी धरलं, बाबांना दोनदा जेवायला नेलं, आणि ऑगस्ट संपायच्या आत देणगी फुटबॉल खेळाडूंच्या नव्या भवनाकडे वळली होती. आरामखुर्च्या, खेळाडूंसाठी खास न्हावी, बर्फाच्या पाण्याचे हौद आणि दारातच एक धबधबा. घोषणा आज, सामन्याआधी, मैदानाच्या मधोमध.

"नेब्रास्काला काय कळवलंस?" शेरीनं अंड्यांचं ताट पुढे करत हळूच विचारलं. तिकडच्या कॉलेजनं जोलीनला कोच म्हणून बोलावलंय, हे तेवढं तिलाच ठाऊक होतं.

"सोमवारपर्यंत सांगायचंय. तिकडे दोन जिम आहेत, शेरी. दोन्ही कोरडी."

"बाबांना सांग ना मग."

"काय सांगू? जिम द्या, नाहीतर मी चालले? आईच्या नावानं धमकी देऊ?" जोलीननं अंडं तोंडात टाकलं. "आज घोषणा झाली की मी सामान बांधायला घेणार. उगाच रडायचं नाही, ठरवलंय."

शेरीनं अंड्यांचं ताट खाली ठेवलं. तिनं कर्टकडे असं पाहिलं, की टायची गाठ सैल करावीशी वाटली त्याला.

बाबा आले ते विल्मा आत्याला हाताला धरून. लॉइड रेकर सत्याहत्तर वर्षांचे, खाणीतल्या ठोकळ्यासारखेच रुंद. कधीकाळी याच मैदानावर खेळलेले आणि त्याची साक्ष म्हणून डावा गुडघा वाकडा करून घेतलेले. विल्मा आत्या त्यांची थोरली बहीण. तिला घोंगडी, खुर्ची आणि ऐकायला माणसं एवढं दिलं की ती दिवसभर सुखात असे.

"धबधबा कशाला लागतो रे खेळाडूंना?" बसल्या बसल्या तिनं कर्टला विचारलं.

"वातावरण, आत्या. लांबलांबची पोरं कॉलेज बघायला येतात. पहिली छाप महत्त्वाची."

"मग कोठारात न्या की. तिथेही छपरातून पडतो धबधबा. तोही फुकटात."

शेजारचे ट्रकवालेही हसले. बाबासुद्धा हसले, पण लगेच गंभीर झाले. "विल्मा, आर्डिसला फुटबॉलचं किती वेड होतं, तू जाणतेस. चाळीस वर्षं एक शनिवार चुकला नाही तिचा. माझ्याशेजारी बसायची. तिचं नाव इथेच शोभतं."

जोलीननं मान खाली घातली. हीच तर अडचण होती. आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. बाबांना आणि कर्टला मात्र नव्हतं. आई स्टेडियमात जायची ती बाबांसाठी. तिचा जीव कोठारात. आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी बाबा खाणीवर असले, की ती एकटी जाऊन बास्केटबॉल बघून यायची. जोलीनला हे बोलून टाकता आलं असतं, आणि छपराचा प्रश्न तिथेच सुटला असता. पण बाबांपाशी आईचं जे काही उरलं होतं, त्यातलं सगळ्यात मोठं हे शनिवारच होते. ते काढून घ्यायला तिचं मन धजेना.

"थांबा, थांबा, बघाच आता," कर्ट म्हणाला. त्यानं ट्रकमधून गुंडाळी काढली आणि शेरीला एक टोक धरायला लावून मोठा फलक उलगडला. वर नाव, आर्डिस रेकर फुटबॉल भवन, आणि खाली आईचा फोटो, माणसाहूनही मोठा. स्टेडियमची गॅलरी, नोव्हेंबरातला जाड कोट, आणि आई कशावर तरी बेहद्द खूश झालेली, मुठी वळलेल्या, तोंड उघडं.

"जुन्या पेटीतून शोधून काढला," कर्ट फलकाची सुरकुती सारखी करत म्हणाला. "हिच्याइतका आनंदी प्रेक्षक दाखवा मला कुणी."

खरंच सुंदर होता फोटो. जोलीनलाही क्षणभर वाटलं, हरकत नाही, असू दे आई तिथे.

विल्मा आत्यानं चष्मा पुसला. मग पुढे वाकली. "हे कानात काय आहे तिच्या?"

"कानयंत्र असेल," कर्ट म्हणाला.

"आर्डिसला कानयंत्र? स्वयंपाकघरात बसून अंगणातलं ऐकायची ती. वायर बघ की, खिशात गेलीय."

"मग रेडिओ," बाबा म्हणाले. "सामन्याचं वर्णन ऐकायची. बारकावे कळावेत म्हणून."

"लॉइड, सामना डोळ्यांसमोर चाललेला, आणि बायको त्याचंच वर्णन ऐकते?" आत्या हसत सुटली. "अरे, मीच दिला होता तिला तो रेडिओ! बघ, आख्खी गॅलरी तोंड पाडून बसलीय, म्हणजे आपण मार खातोय. आणि ही नाचतेय! जोलीनचा सामना असणार हा. ओहायोला गेला होता ना हिचा संघ? कॉलेजचं रेडिओ केंद्र सांगायचं. फुटबॉल हिनं पाहिलाय कधी? तुझ्यासाठी यायची बिचारी."

बोलून झाल्यावर आत्याला कळलं, की कुणीच हसत नाहीये. तिनं घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली. "म्हणजे, चॉप्स आवडायचे तिला," ती पुटपुटली.

जोलीन फोटोकडे बघतच राहिली. ओहायोचा तो सामना तिला चांगला आठवत होता. ती तेव्हा कॉलेजात खेळत होती. शेवटच्या क्षणाला तिनं चेंडू टाकून सामना जिंकून दिला होता, आणि गॅलरीत आपलं म्हणावं असं एकही माणूस नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती त्यावरून रडली होती. आणि आई इथे, तोंडं पाडून बसलेल्या हजारो लोकांत, एकटीच नाचत होती. जोलीनचे डोळे भरून आले. रडायचं नाही ठरवलं होतं, पण ते घोषणेच्या बाबतीत. हे त्यात धरलंच नव्हतं.

बाबांनी फलकाजवळ जाऊन वायरीवर बोट ठेवलं. "ती मला दर वेळी विचारायची," ते हळू म्हणाले. "लॉइड, आत्ता काय झालं? मी सगळं समजावून सांगायचो."

"बाबा, तिला तुमचं समजावणं आवडायचं," जोलीन म्हणाली. हे खोटं नव्हतं.

बाबा काही बोलणार, तोच पश्चिमेकडे वीज कडाडली आणि स्टेडियमचा भोंगा वाजला.

वीज जवळ आली की मैदान रिकामं करायचं, हा इथला कायदा. पुन्हा चमकली की थांबायचा वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. आणि रिकामं केलेलं स्टेडियम न्यायचं कुठे, तर जवळ मोठं छप्पर एकच. दहा मिनिटांत जांभळ्या टोप्यांचा लोंढा कोठारात घुसला. ज्याला जे दार सापडलं त्यातून तो आत आला. जे आत मावले नाहीत ते गाड्यांत जाऊन बसले. मावले ते पस्तावले, कारण पाऊस त्यांच्या मागोमाग आत आला.

पहिला थेंब पडला तो मंडळाच्या खजिनदाराच्या टकलावर. मग गुणफलकाजवळ धार लागली, मग दुसरीकडे. पॉपकॉर्नचं यंत्र भिजून बंद पडल्यानं जोलीनच्या मुलीही आल्या होत्या. त्यांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. एकीनं बादल्या आणल्या, दुसरीनं मोठे टॉवेल. कुठे काय मांडायचं ते प्रत्येकीला पाठ होतं.

"काका, पाय उचला जरा. ही जागा बादलीची आहे."

"दर वेळी इथेच गळतं?" काकांनी पाय उचलत विचारलं.

"नाही हो. वारा दक्षिणेचा असला की तुमच्या मागे गळतं."

लोक आधी हसले. मग जांभळ्या जर्सी घातलेले, दारात वाकून शिरावं लागणारे फुटबॉलचे दोन खेळाडू गुडघ्यांवर बसून मुलींबरोबर लाकडी जमीन पुसायला लागले, तेव्हा हसू जरा ओसरलं. कर्ट भिजलेली टाय पिळत मधोमध उभा होता. त्याचंच एक गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "कर्ट, पोरी अशा खेळतात? आणि आपण धबधबा बांधतोय?"

"मला वाटायचं, जो वाढवून सांगते," कर्ट म्हणाला. घरात जोलीनला जो म्हणत. शेरीनं त्याच्या हातात टॉवेल दिला. तो निमूट खाली बसला.

बाबा गर्दीतून वाट काढत जोलीनपाशी आले. "आर्डिस कुठे बसायची?"

"तिकडे. चौथी रांग, खांबाशेजारी."

ते वाकड्या गुडघ्यानं बाकांच्या फळ्या चढून गेले. जोलीन मागोमाग. खांबाशेजारी बसून त्यांनी समोरचा मैदानाचा लांबट चौकोन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. छपरातून एक थेंब त्यांच्या टोपीवर पडला. मग आणखी एक. ते हलले नाहीत.

"इथेही गळायचं? ती असताना?"

"छत्री आणायची. मागच्याला दिसेना म्हणून मग नुसती टोपीच घालायला लागली."

बाबा हसले आणि हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. "चाळीस शरद ऋतू बसली ती माझ्याजवळ. आवडत नसताना. मी इथे एकदाही आलो नाही, जो. तू खेळायचीस तेव्हा नाही, कोच झालीस तेव्हा नाही. खाणीवर काम आहे म्हणायचो. रात्री कसलं आलंय काम खाणीवर? मला वाटायचं, हा हलका खेळ. लाज वाटते मला."

जोलीननं त्यांचा हात धरला. वर्षानुवर्षं तिला याचा राग होता, आणि तो कुठे गेला ते तिला शोधूनही सापडेना. "बाबा, मला नेब्रास्काहून बोलावणं आलंय," ती म्हणाली. "आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ते ऐकून काही ठरवावं असं मला नको होतं."

"आता का सांगतेस?"

"कारण तुम्ही ठरवलंय, हे मला दिसतंय."

फिस्टर साहेब धापा टाकत रांग चढून आले. त्यांचे केस कपाळाला चिकटले होते, तरी हसू जागच्या जागी होतं. "मिस्टर रेकर, वीज सरली! चला, मैदानावर सगळे वाट बघतायत."

"देणगी छपरासाठी," बाबा म्हणाले.

"अं?"

"या छपरासाठी. भवनासाठी नाही. अजून सही केलेली नाही मी."

"पण नकाशे तयार आहेत! फुटबॉल कोचना शब्द दिलाय. आणि कोठाराचं छप्पर आमच्या पंचवार्षिक योजनेत आहेच की."

"फिस्टर साहेब, मी आयुष्यभर दगड फोडला. त्याला दम धरता येतो. या पोरींना चारच वर्षं असतात इथे."

फिस्टर साहेबांनी शेवटचा आधार म्हणून कर्टकडे पाहिलं. कर्ट खालून टॉवेल खांद्यावर टाकून वर येत होता. "कर्ट, तुम्ही तरी समजवा. मंडळाला काय सांगायचं?"

"मंडळ खाली जमीन पुसतंय," कर्ट म्हणाला. "बाबा, तुमचा गुडघा भिजलाय, तुम्ही बसा. मी जातो मैदानावर."

"तू? काय सांगशील?"

"बघतो. टाय तर बांधलीच आहे."

"ओली टाय काढ आधी," शेरी खालून ओरडली, "आणि फोटो घेऊन जा. नावाचा भाग दुमड!"

कोठार रिकामं व्हायला वेळ लागला. जाताना लोक जोलीनच्या हातात हात देत होते. काहींनी तर पॉपकॉर्नचे पैसे बादलीत टाकले. विल्मा आत्या दारातून मागे वळून म्हणाली, "लॉइड, मी काही वावगं बोलले का रे?" बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं उशिरा बोललीस." मग ती खुशीत सामन्याला गेली.

मुली, बादल्या आणि ते दोघे उरले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून भोंग्यांतून कर्टचा आवाज आला, एरवीपेक्षा बारीक. "मंडळी, हा माझ्या आईचा फोटो. माझ्या आईला फुटबॉल आवडत नव्हता." स्टेडियमभर हशा उसळला. "ती इथे यायची, कारण माझ्या बाबांना आवडायचा. ह्या फोटोत ती माझ्या बहिणीचा बास्केटबॉलचा सामना ऐकतेय. तुम्ही आत्ता जिथे भिजलात ना, तिथलं छप्पर आमचं कुटुंब नवं घालणार आहे." मग असा गलका झाला, की कोठाराच्या फळ्या थरथरल्या आणि एक बादली हिंदकळली. अर्धा गलका ओल्या लोकांचा असणार. ते फार मनापासून ओरडत होते.

मुलींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग जोलीनकडे, आणि मग टॉवेल हवेत उडवून त्यांनी बादल्यांमधूनच धिंगाणा घातला. जोलीननं त्यांना थांबवलं नाही. तीही त्यात शिरली आणि भिजून, धापा टाकत परत वर आली.

"सामना सुरू होतोय, बाबा. जा ना. तुमची जागा रिकामी असेल."

"असू दे." त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. "तुझ्या पोरी सराव करणार आहेत का आज?"

"कोरड्या अर्ध्या भागात, हो."

"मग बघतो. आणि खरा पहिला सामना कधी असतो?"

"नोव्हेंबरात. मंगळवारी, संध्याकाळी सातला. नेब्रास्काला मी नाही म्हणून कळवते."

बाबांनी मान डोलावली. ते या गावात जन्मले होते, आणि कोठाराच्या पायाचा दगड त्यांच्याच खाणीतून आला होता. त्यांनी तिन्ही बाजूंच्या दारांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि जरा ओशाळून विचारलं, "आज तर गर्दीनं ढकललं तसा आत आलो. पण जो, सामन्याच्या दिवशी आत यायचं कुठल्या दारानं असतं?"

 जोलीननं हात लांब करून उत्तरेचं दार दाखवलं.